संस्था निजली, रस्ता उखडला: खर्च कुणी करायचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कशाला दिलंय ते कळेल. मुळशी तालुक्यात ४२ बिनशेती प्लॉटचं एक ले-आउट आहे. प्लॉट १९९२ ते १९९६ दरम्यान विकले गेले. १९९५ मध्ये प्लॉटधारकांची सहकारी संस्था नोंदवली, पण २००९ नंतर तिची एकही सभा नाही. चेअरमन वारले, सेक्रेटरी मुलाकडे बंगळूरला गेले, दप्तर कुठं आहे कुणाला माहीत नाही. डांबरी सडकेपासून आत येणारा अर्धा किलोमीटरचा रस्ता पार उखडलाय. राहती कुटुंबं अकरा, बाकी प्लॉट मोकळे. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी अडीच वर्षांपूर्वी खिशातले १ लाख ८० हजार घालून मुरूम-खडी पसरली, रोलर फिरवला. चौघांनी वाटा दिला. बाकीचे म्हणाले, ‘आम्ही कुठं सांगितलं होतं?’ त्यात आता डेव्हलपरच्या वारसांनी नवं प्रकरण काढलंय. सातबाऱ्यावर रस्त्याचं क्षेत्र त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे, म्हणून रस्ता आमचा, असं ते म्हणतात. मागच्या शेताच्या नव्या मालकाला त्यांनी त्या रस्त्यानं जायची लेखी परवानगीही दिली आहे. त्याचे डंपर रोज जातात आणि टाकलेली खडी महिन्याभरात बाजूला झाली.

साहेब, तुमच्या ले-आउटसारखी निदान वीस-पंचवीस ले-आउटं मी पाहिलीत. पुणे-नाशिककडं नव्वदच्या दशकात शेतजमिनीचे प्लॉट पाडून विकण्याची जी लाट आली, तिची ही उरलेली देणी आहेत. लोक माझ्याकडं येतात ते ‘संस्था मेली, आता रस्ता गेला’ असं म्हणत. मी पहिल्या बैठकीत एवढंच सांगतो की रस्त्यानं जायचा हक्क ही एक गोष्ट आणि रस्त्याचा खर्च गोळा करायचा अधिकार ही दुसरी. पहिली संस्थेवर अवलंबून नाही. दुसरी बऱ्याच अंशी आहे. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस चुकीच्या कार्यालयात चुकीचा अर्ज घेऊन उभा राहतो.

हक्कापासून सुरू करू, कारण तिथं तुम्ही उगाच घाबरलाय. तुमचं खरेदीखत काढा. त्यात चतुःसीमा लिहिताना एका बाजूला ‘ले-आउटमधील ६ मीटर रुंदीचा रस्ता’ किंवा तशा अर्थाचे शब्द असतील. बहुतेक खतांत पुढं ‘सदर रस्ता व ओपन स्पेस यांचा इतर प्लॉटधारकांसह समाईक वापर करण्याच्या हक्कासह’ असंही एक वाक्य असतं. हे वाक्य म्हणजे तुमचा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्याचा हक्क, आणि तो दस्तातच लिहून हातात दिलेला आहे. संस्था नोंदवली, झोपली, उद्या रद्द झाली, तरी या वाक्याला काही होत नाही. तुम्ही प्लॉट विकलात तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८ प्रमाणं तो हक्क जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडं जातो. वाक्य नसलं तरी मंजूर नकाशा असतोच, आणि दुसरी वाट नसेल तर गरजेपोटीचा सुविधाधिकारही असतो.

एक इशारा इथंच देतो. काही वकील अशा दाव्यात सवयीनं ‘२० वर्षांच्या वहिवाटीनं हक्क मिळाला’ असं लिहून मोकळे होतात. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम १५ मध्ये २० वर्षं आहेत हे खरं. पण तो मार्ग ज्याच्याकडं कागद नाही त्याचा. तिथं तुम्हाला सिद्ध करावं लागतं की वापर उघडपणे, अखंड आणि हक्कानं होता, कुणाच्या परवानगीनं नव्हे. समोरचा लगेच म्हणतो, ‘आमच्या वडिलांनी जाऊ दिलं म्हणून गेले.’ तुमच्याकडं खरेदीखत असताना स्वतःहून त्या चिखलात का उतरायचं? दाव्यात आधी खत, मग मंजूर नकाशा, आणि अगदी शेवटी, पर्यायी म्हणून, वहिवाट.

आता वारसांचं. सातबाऱ्यावर रस्त्याचं क्षेत्र जुन्या मालकाच्या नावावर राहणं हा महाराष्ट्रातला सार्वत्रिक प्रकार आहे. प्लॉट विकले की प्लॉटपुरते फेरफार होतात. रस्ता आणि खुली जागा कुणी विकत घेत नाही, म्हणून ती मूळ नावावर पडून राहते. मग मालक वारतो, वारसनोंद होते आणि मुलांना वाटतं, अरे, अजून तीस-पस्तीस गुंठे शिल्लक आहेत की! सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितलंय त्याला मोजदाद नाही. आणि समजा मालकी त्यांची आहे असं धरलं, तरी ती पोकळ मालकी आहे. पंडित चेतराम वशिष्ठ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजू नीट तोलल्या. ले-आउटमध्ये रस्ता, बाग, शाळा म्हणून दाखवलेली जागा महापालिकेला फुकटात स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण ती जागा राखून ठेवल्यावर मालक नेहमीच्या अर्थानं मालक उरत नाही, तो तिथल्या रहिवाशांसाठी विश्वस्तासारखा ती धरून असतो, असंही म्हणालं. दिल्लीचा खटला, पण तुमच्या वारसांना नोटीस पाठवताना मी हाच दाखला पहिल्या परिच्छेदात घालीन.

डेव्हलपर व्यक्ती नसून कंपनी असेल आणि ती कंपनीच कंपनी निबंधकाच्या यादीतून काढून टाकलेली असेल, तर प्रकरण थोडं फिरतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २५२ खाली २० वर्षांच्या आत ती यादीत परत आणण्याचा अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडं होऊ शकतो. पण हा तुमचा प्रसंग नाही, म्हणून पुढं जातो.

मागच्या शेतमालकाला दिलेली परवानगी हा मला यातला खरा काटा वाटतो. वारसांना स्वतःच्या पोकळ मालकीच्या जोरावर असं करता येतं का? सुविधाधिकार कायद्याचं कलम २७ म्हणतं की ज्याच्या जमिनीवरून वाट आहे, त्याला ती जमीन वापरता येते, पण तुमच्या हक्काला बाध येईल अशी नाही. ४२ प्लॉटसाठी आखलेल्या रस्त्यावर रोज भरलेले डंपर नेले की बाध येतोच. फोटो काढा, तारखेसकट. डंपरच्या फेऱ्यांची वही ठेवा, गाडी नंबरासह. कोर्टात ही वही तुमच्या वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त बोलते. पण त्याआधी एक गोष्ट तपासा: मंजूर ले-आउटच्या नकाशात रस्ता मागच्या सीमेपर्यंत नेऊन तिथं तोंड उघडं ठेवलंय का? नगररचनेचे अधिकारी पुष्कळदा शेजारच्या भावी ले-आउटला जोड मिळावी म्हणून मुद्दाम तसं करून घेत. तसं असेल तर ‘मागच्याला येऊच देणार नाही’ ही भूमिका टिकणार नाही. मग मागणी बदलायची: यायचं तर हलकी वाहनं, बांधकाम चालू असेपर्यंत डंपर ठराविक वेळेत, आणि नुकसान भरून द्यायचं. मी अशी तडजोड दोनदा घडवून आणली आहे. दोन्ही वेळा मागचा मालक हुशार निघाला. त्यालाही पुढं प्लॉट विकायचे होते, आणि खड्ड्यांचा रस्ता दाखवून गिऱ्हाईक उभं राहत नाही.

तहसीलदाराकडं जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ शेतीच्या, चराईच्या जमिनी आणि त्यांच्याकडं जाणाऱ्या वाटा यांच्यासाठी आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ सर्व्हे नंबरच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेसाठी. तुमचे प्लॉट बिनशेती. तहसीलदार कदाचित अर्ज घेईल, तारखाही देईल, पण दोन वर्षांनी वरच्या कार्यालयात आदेश उलटला की तुम्ही परत शून्यावर. तुमचं ठिकाण दिवाणी न्यायालय. ११ कुटुंबांनी वेगवेगळे दावे करू नयेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ खाली दोघा-तिघांनी सर्वांच्या वतीनं एकच प्रातिनिधिक दावा करावा. कोर्टाची परवानगी लागते, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते, पण मग ज्या ३१ मालकांचा पत्ताही तुम्हाला ठाऊक नाही तेही निकालानं बांधले जातात.

आता संस्थेकडं येऊ. ‘मेली’ हा शब्द कायद्यात नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकाच्या कार्यालयात तिची तीनपैकी एक अवस्था असेल, आणि ती कोणती हे कळल्याशिवाय मी कुणालाच पुढचा सल्ला देत नाही. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. नोंदणी क्रमांक तुमच्या जुन्या शेअर सर्टिफिकेटवर असेल, नाहीतर कुणाच्या तरी कर्जाच्या फाइलमध्ये नाहरकत दाखला सापडेल, त्याच्या लेटरहेडवर असतोच.

पहिली अवस्था, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दिसणारी: नोंदणी शाबूत, फक्त समिती नाही. लेखापरीक्षण थकलं, विवरणपत्रं गेली नाहीत, पण कुणी रद्दचा आदेश काढलेला नाही. ही झोपलेली संस्था. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७७अ खाली निबंधक तिथं प्रशासक किंवा काही सभासदांची समिती नेमू शकतात आणि निवडणूक घडवून आणू शकतात. तुम्ही अकरा जणांनी सह्या करून अर्ज द्या. त्यात ‘समितीची मुदत संपली, नवी समिती अस्तित्वात आलेली नाही’ एवढंच नेमकं लिहा. गेल्या पंधरा वर्षांचं गाऱ्हाणं लिहू नका, तो अर्ज कोण वाचणार? २०१९ च्या सुधारणेनंतर २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्था आपली निवडणूक स्वतः घेऊ शकतात, त्यामुळं पूर्वीसारखी निवडणूक प्राधिकरणाची रांग नाही.

यात अडतं ते सभासद यादीवर. १९९५ च्या यादीतले निम्मे प्लॉट आतापर्यंत विकले गेलेले असतात आणि नव्या मालकांनी सभासदत्व घेतलेलंच नसतं. मग मतदार कोण? इथं कंटाळा करू नका. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातून प्रत्येक प्लॉटची सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदीविक्रीच्या नोंदीचा उतारा, काढा, नवे मालक शोधा, त्यांचे सभासदत्वाचे अर्ज प्रशासकाकडून मंजूर करून घ्या. जुन्या यादीवर घाईनं निवडणूक उरकली तर पुढचा प्रत्येक ठराव ‘आम्हाला मतच नव्हतं’ म्हणून आव्हानात सापडतो. एका संस्थेत मी हे डोळ्यांदेखत होताना पाहिलंय. नवी समिती आली, रस्ता झाला, वसुली सुरू झाली आणि दीड वर्षानं निवडणूकच रद्द ठरली. गोळा केलेले पैसे परत करायची वेळ आली. रस्ता काही परत करता येत नाही!

दुसरी अवस्था: कामकाज थांबलं म्हणून निबंधकांनी कलम १०२ खाली अवसायनाचा, म्हणजे संस्था गुंडाळण्याचा, आदेश काढून ते काम करणारा अवसायक नेमलेला असतो. सभासदांना कळतच नाही, कारण पत्र जुन्या चेअरमनच्या पत्त्यावर गेलेलं असतं. अपिलाची मुदत आदेशापासून दोन महिन्यांची. ती बहुधा उलटून गेलेली असते, मग विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. आदेशाची प्रत कधी हाती आली त्याचा पुरावा जपा, त्यावर सगळं अवलंबून आहे. तोवर अवसायक जागेवर असेल तर त्याला लेखी कळवा की रस्ता आणि खुली जागा ही विकून देणी भागवायची मालमत्ता नाही.

तिसरी अवस्था, नोंदणीच रद्द. मग नवी संस्था. नवी संस्था जुन्या संस्थेची आपोआप वारस होत नाही. जुन्या नावावर काही जमीन असेल तर ती कागदोपत्री वेगळी मिळवावी लागते. तुमच्या बाबतीत एक चांगलं आहे: रस्ता संस्थेच्या नावावर कधी झालाच नव्हता, त्यामुळं संस्थेबरोबर तो बुडण्याचाही प्रश्न नाही. आळसाचा कधी कधी असाही फायदा होतो.

ज्यांची ‘असोसिएशन’ १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आहे त्यांनी उपनिबंधकाकडं नव्हे, धर्मादाय कार्यालयात जावं. तिथं विश्वस्तांच्या बदलाची नोंद वर्षानुवर्षं झालेली नसते, ती आधी करून घ्यावी लागते. तो वेगळा विषय आहे आणि धीर लागतो.

दप्तर आणि पैसे यांबद्दल दोन शब्द. जुन्या पदाधिकाऱ्यानं दप्तर नव्या समितीकडं द्यायचंच असतं. न दिल्यास निबंधकाकडून ते ताब्यात घेता येतं. पण तुमचे सेक्रेटरी बंगळूरला आहेत, म्हणून मी आधी कलम दाखवणार नाही, त्यांच्या मुलाला फोन करीन. दहापैकी आठ वेळा दप्तर माळ्यावरच्या ट्रंकेत असतं आणि घरातल्यांना ते कधी एकदा जातंय असं झालेलं असतं. संस्थेचं बँक खातं दहा वर्षं कुणी हलवलं नसेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत गेली असेल. ती बुडालेली नाही. नव्या समितीच्या ठरावावर त्याच बँकेमार्फत मागता येते.

संस्था जागी करण्यावर मी एवढा भर का देतो? वसुलीमुळं. जिवंत संस्थेला थकबाकीदार सभासदाविरुद्ध कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो. पूर्वी हे काम कलम १०१ खाली व्हायचं. तो दाखला जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो, दिवाणी दाव्याची दहा वर्षं लागत नाहीत. अट एवढीच की सर्वसाधारण सभेचा ठराव, आकारणीचा हिशेब, बिलं आणि मागणीच्या नोटिसा नीट हव्यात. सभेत हात वर करून ‘प्रत्येकी पाच हजार काढू’ असं ठरलं आणि इतिवृत्तात ते आलंच नाही, तर दाखला मिळत नाही. आणि जो सभासदच नाही, त्याच्यावर हा मार्ग चालवणं अवघड. म्हणून वर सभासद यादीवर इतकं बोललो.

‘खरेदीखतातच मेंटेनन्स द्यायचं कबूल केलंय की,’ असं लोक म्हणतात. ज्यानं कबूल केलं त्याच्यावर ते बंधन आहे. त्याच्याकडून विकत घेणाऱ्यावर आपोआप नाही. पैसे खर्च करण्याचं वचन जमिनीबरोबर धावत नाही, असं कायदा मानत आलाय. गंमत म्हणजे ज्या इंग्रजी खटल्यात हे ठरलं तो १८८५ चा ऑस्टरबेरी खटलाही रस्त्याच्याच डागडुजीचा होता. जमीन हातोहात गेली आणि रस्ता दुरुस्त ठेवण्याचं वचन मागं राहिलं. पुढं १९५७ मध्ये हॅल्सॉल विरुद्ध ब्रिझेल या खटल्यात एक वाट निघाली. लिव्हरपूलच्या एका वसाहतीतले मालक खासगी रस्ते वापरत होते, पण वर्गणी द्यायला तयार नव्हते. न्यायालय म्हणालं, ज्या कागदातून रस्त्याचा लाभ घेता त्याच कागदातला भार नाकारता येणार नाही. आपल्या कोर्टावर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण युक्तिवाद म्हणून वजनदार आहेत. म्हणून मी नवीन करारनामा करताना रस्त्याचा वापर आणि वर्गणी एकाच कलमात एकमेकांना बांधतो, दस्त नोंदवून घेतो आणि प्रत्येक प्लॉटमालकावर अट घालतो की विकताना घेणाऱ्याची सही या करारावर घ्यायची. नोंदवलेला दस्त पुढच्या खरेदीदाराच्या सर्चमध्ये दिसतो. ‘मला माहीतच नव्हतं’ हे मग म्हणता येत नाही.

खर्च वाटायचा कसा, यावर भांडणं फार. सुविधाधिकार कायद्याचं कलम २५ सांगतं की वाटेच्या डागडुजीचा खर्च वाट वापरणाऱ्यानं करायचा, जमीनमालकानं नाही. म्हणजे वारसांकडून खडीचे पैसे मागू नका, ते मिळणार नाहीत. पण वापरणारे ४२ असतील तर कुणी किती, हे कलम सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेत कलम ८४५ आहे. समाईक खासगी वाटेचा खर्च करारानं वाटायचा आणि करार नसेल तर ज्याच्या त्याच्या वापराच्या प्रमाणात, असं त्यात सरळ लिहिलंय. मोकळे प्लॉट घेऊन ठेवलेले आपले अमेरिकेतले लोक मला फोनवर तिकडचे नियम ऐकवतात. त्यांना सांगावं लागतं की इकडं असं तयार सूत्र नाही, ते तुम्हीच लिहायचं. मी साधारण असं सुचवतो: निम्मा खर्च सर्व प्लॉटवर सारखा, कारण रस्ता चांगला झाला की मोकळ्या प्लॉटचाही भाव चढतो. उरलेला निम्मा फक्त राहत्या घरांवर. बांधकाम काढणाऱ्यानं काम सुरू करण्याआधी अनामत ठेवायची, काम संपल्यावर रस्ता पाहून परत. अंतरानुसार वाटणी, म्हणजे पहिल्या प्लॉटवाल्याला चाळीस मीटरचा आणि शेवटच्याला पाचशे मीटरचा खर्च, न्याय्य वाटते. पण तिचा हिशेब दरवर्षी कोण मांडणार? मी दोन ठिकाणी ती करून पाहिली, दोन्हीकडं तिसऱ्या वर्षी लोकांनी ती सोडून दिली.

पैसे न देणाऱ्याची वाट अडवू नका. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय, कारण रागाच्या भरात सगळ्यांना तेच सुचतं. गेटला कुलूप, रस्त्यात डबर, एकदा तर चक्क त्याच्या फाटकासमोर चर खणलेला. थकबाकी ही पैशाची भानगड आहे, त्याचा जाण्यायेण्याचा हक्क वेगळ्या कागदावर उभा आहे. तुम्ही वाट अडवलीत की दुसऱ्याच दिवशी तो मनाई हुकूम आणतो आणि तीस हजारांच्या थकबाकीदारासमोर तुम्ही प्रतिवादी म्हणून उभे राहता.

ग्रामपंचायत रस्ता घेईल का? ‘घरपट्टी भरतो, म्हणजे रस्ता पंचायतीनं करायचा’ ही समजूत आधी सोडा. रस्ता पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २३ मध्ये असेल तरच त्यावर निधी टाकता येतो. खासगी रस्त्यावर पैसे घातले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून तो सही करत नाही. त्याचं चूक नाही. रस्ता वर्ग करायला ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं बक्षीसपत्र किंवा हस्तांतरणाचा दस्त लागतो आणि पंचायतीचा स्वीकाराचा ठराव. म्हणजे गाडी परत वारसांपाशी येते. मात्र नोटीस आणि चेतराम निकाल हातात पडल्यावर वारस पुष्कळदा मऊ येतात. विकता न येणारी जमीन, वर कोर्टकचेरी, त्यापेक्षा बक्षीसपत्र परवडतं. हद्दीत पुढं नगरपालिका वा महापालिका आली तर तिथल्या कायद्यात खासगी रस्ता सार्वजनिक जाहीर करण्याची वेगळी तरतूद आहे. आधी रस्ता, गटार, दिवे मालकांच्या खर्चानं त्या दर्जाचे करून द्यावे लागतात.

पण रस्ता द्यावाच का? एकदा सार्वजनिक झाला की तो सर्वांचा. मागच्या शेतमालकाचे डंपर मग हक्कानं जातील, गेट काढावं लागेल, आणि उद्या मागं दीडशे प्लॉट पडले तर त्यांची वाट हीच. सुट्टीच्या बंगल्यांचं, चौकीदार ठेवलेलं ले-आउट असतं तर मी नको म्हटलं असतं. तुमच्याकडं ४२ पैकी अकराच घरं, वर्गणी देणारे पाच, आणि मुळशीचा पाऊस. असा रस्ता खासगी ठेवून दर उन्हाळ्यात कुणीतरी एकानं खिसा रिकामा करायचा, हे दहा वर्षं चालणार नाही. माझं मत, द्या. मात्र देण्याआधी पाण्याची वाट काढून घ्या. तुमच्या फोटोंत साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली दिसते आणि मोरी बुजलेली आहे. पाणी रस्त्यावरूनच वाहतंय. त्यावर कितीही खडी टाका, जूनमध्ये ती सडकेवर जाऊन बसणार. हे कायद्याचं नाही, पण तुमचे १ लाख ८० हजार तिथंही गेलेत.

नवीन ले-आउटमध्ये प्लॉट घेणाऱ्यांसाठी एवढंच: १ मे २०१७ नंतरच्या, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या योजना रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली येतात आणि तिथं रस्ता-खुल्या जागेचं हस्तांतरण संघटनेला करून देणं प्रवर्तकावर बंधनकारक आहे. तुमचे प्लॉट नव्वदच्या दशकातले. १९६३ चा मोफा कायदा सदनिकांचा, मोकळ्या प्लॉटचा नाही. त्यामुळं अपार्टमेंटवाल्यांचं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरनं टाळलं तरी सरकारी आदेशानं जमीन संस्थेच्या नावावर होणं, तुम्हाला लागू होत नाही. कुणी एजंट ते करून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता तुमच्या खिशातल्या पैशांचं. संस्थेचा ठराव नव्हता, करार नव्हता. तरी करार कायदा १८७२ चं कलम ७० आहे: एखाद्यानं दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, फुकट करण्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्यानं भरपाई द्यायची. मेख अशी की समोरच्याला तो लाभ नाकारण्याची संधी होती का, हे कोर्ट पाहतं. कामाआधी तुम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंदाजपत्रक टाकलं होतं, असं लिहिलंय. कुणी ‘नको’ म्हटलं नाही, दोघांनी तर होकाराचा अंगठा टाकला. तो ग्रुप कुणाच्याही सांगण्यावरून डिलीट करू नका, संभाषण बाहेर काढून ठेवा. जे सहा जण रोज त्या रस्त्यानं जातात त्यांच्याविरुद्ध तुमची बाजू बरी आहे. जे मोकळ्या प्लॉटचे मालक आहेत आणि कधी फिरकलेच नाहीत, त्यांच्याकडून या कलमाखाली काही मिळेल असं मला वाटत नाही. मागू नका, नोटिशीचा खर्चही निघायचा नाही. त्यांना पुढच्या कामासाठी सभासद करून घ्या.

या मागणीची मुदत तीन वर्षांची आहे. तुमच्या खडीवाल्याची शेवटची पावती अडीच वर्षांपूर्वीची. संस्थेचा अर्ज, वारसांची नोटीस, पंचायतीचा ठराव, हे सगळं महिना-दोन महिने इकडंतिकडं झालं तरी चालेल. सहा शेजाऱ्यांना हिशेबासह नोटीस मात्र याच आठवड्यात स्पीड पोस्टानं जाऊ द्या. नोटिशीनं मुदत थांबत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांनी पैसे दिले नाहीत, किंवा सही करून देणं मान्य केलं नाही, तर दावा तीन वर्षं भरायच्या आत दाखल झालेला हवा. यातले दोघं तुमच्या रोजच्या चहाचे सोबती आहेत असं तुम्ही लिहिलंय. नोटीस पाठवण्याआधी त्यांच्याकडं जाऊन या, कागद हातात घेऊन.